ट्रॅक डेसाठी हार्नेस निवडताना: सोलापूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सोलापुरात रेसिंगचा ट्रॅक नाही, पण गाडी मनापासून चालवणारी मंडळी भरपूर आहेत. माझ्या ओळखीतली काही जण आपली रोजचीच स्विफ्ट किंवा पोलो घेऊन चेन्नईला, कोइमतूरला ट्रॅक डेला जायला लागली आहेत. जायचं ठरलं की त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न टायरचा किंवा ब्रेकचा नसतो. "दादा, हार्नेस कुठला घेऊ?" हा असतो.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. हार्नेस, म्हणजे ड्रायव्हरला चार ते सहा ठिकाणी बांधून ठेवणारा रेसिंगचा पट्टा, ही एकटी घ्यायची वस्तू नाही. सीट, डोक्यामागचा रोल बार (गाडी उलटली तर छत पेलणारी लोखंडी नळीची कमान) आणि मान सांभाळणारं हॅन्स हे तिघं सोबत असतील तरच तो तुम्हाला वाचवतो. यातलं एक जरी कमी असेल, तर गाडीबरोबर आलेला तीन-पॉइंट बेल्टच जास्त भरवशाचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून पायऱ्या क्रमाने वाचा. बाजारात जायची पायरी बरीच उशिरा येते.

१. मुळात तुम्हाला हार्नेस लागतो का, ते ठरवा

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. ठरावीक वेळेच्या सत्रांमध्ये गाड्या सोडतात, ओव्हरटेक कुठे करायचं याचे नियम असतात, आणि नवख्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा गट असतो. माझ्या ओळखीतले बरेचसे जातात ते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. १९९० पासून चालू असलेला हा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. कोइमतूरचा कारी स्पीडवे त्याहून लहान, साधारण २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे आणि तिथे वेग फार चढतो, त्यामुळे पहिल्यांदा तिकडे जायची घाई नको.

पहिले काही ट्रॅक डे कंपनीच्या बेल्टवरच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बेल्टला कमी लेखू नका. धडक जाणवली की प्रीटेन्शनर पट्टा क्षणात आवळतो. मग लोड लिमिटर तोच पट्टा मोजून-मापून सैल सोडतो, म्हणजे छातीवरचा दाब मर्यादेत राहतो, आणि तेवढ्यात एअरबॅग उघडलेली असते. हे तिन्ही एकमेकांच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यातला बेल्ट काढून त्या जागी बाजारातला पट्टा लावला, की तो हिशेब मोडतो.

मग लोकांना हार्नेस हवासा का वाटतो? वळणावर अंग सीटवरून सरकतं, आपण स्टिअरिंगला लटकून राहतो आणि हात थकतात. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर बिनखर्चाचा उपाय आहे. गाडी उभी असताना सीट एक-दोन खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, छातीवरचा पट्टा झटक्यात ओढून रीळ लॉक करा आणि ताण न सोडता सीट पुन्हा पुढे सरकवा. पट्टा अंगाला घट्ट बसतो आणि बराच फरक पडतो. सुटला की सत्राच्या आधी पुन्हा करायचं. एवढ्यावर भागत असेल तर पैसे टायर, ब्रेक पॅड आणि प्रशिक्षणावर घाला.

तुम्ही नेमाने ट्रॅकवर जाऊ लागलात, वेग वाढला, गाडी हळूहळू फक्त ट्रॅकचीच होत चालली, तर मात्र पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

२. चार, पाच की सहा पॉइंट, हे समजून घ्या

पॉइंट म्हणजे पट्टा गाडीला जिथे बांधला जातो त्या जागा. चार पॉइंटमध्ये दोन खांद्याचे आणि दोन कमरेचे पट्टे असतात. पाचमध्ये मांड्यांमधून येणारा एक पट्टा वाढतो, सहामध्ये असे दोन असतात.

खरं घोडं पेंड खातं ते चार पॉइंटमध्ये. अॅक्सेसरीच्या दुकानात लाल-निळ्या रंगात टांगलेला दिसतो तो हाच, आणि नवखे हाच उचलतात. त्यातला धोका नीट समजून घ्या. समोरून धडक बसली की अंग पुढे जातं आणि खांद्याचे पट्टे ताणले जातात. ते ताणले की मधल्या बकलला वर ओढतात आणि बकलबरोबर कमरेचा पट्टाही वर सरकतो. तो जिथे असायला हवा, म्हणजे कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांच्या खाली, तिथून निसटून थेट मऊ पोटावर चढतो. खालचं अंग पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि सगळा भार आतडी, यकृत आणि मणक्यावर येतो. याला सबमरीनिंग म्हणतात. मांड्यांमधले पट्टे नेमकं हेच रोखतात, बकलला खाली धरून ठेवतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. श्रोथ या जर्मन कंपनीचे एएसएम प्रकारचे चार-पॉइंट हार्नेस आहेत. त्यांत एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम घडी शिवलेली असते. धडकेत ती उलगडते, तो खांदा थोडा जास्त पुढे जातो, अंग किंचित वळतं आणि कंबर पट्ट्याखालून घसरत नाही. पण हे हार्नेस ठरावीक गाड्यांच्या ठरावीक सीटसाठीच मंजूर केलेले असतात. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही. आणि तसाच दिसणारा दुसऱ्या कुणाचा चार-पॉइंट पट्टा म्हणजे एएसएम नव्हे.

पाच पॉइंटमध्ये मधला एकच पट्टा असतो. पुरुषांना तो धडकेत भलत्या जागी लागू शकतो, शिवाय भार दोन पट्ट्यांवर वाटला जातो तसा इथे जात नाही. म्हणून ट्रॅकच्या गाडीसाठी सरळ सहा पॉइंटकडेच जा. किमतीतला फरक फार मोठा नसतो.

३. हार्नेसच्या आधी तीन गोष्टींचा बंदोबस्त करा

सीट. कंपनीच्या सीटला मांड्यांमधला पट्टा जायला भोक नसतं, खांद्याचे पट्टे जागेवर धरायला खाच नसते. हेडरेस्टच्या दांड्यांमधून पट्टे काढून काम भागवलेलं मी पाहिलंय. ते करू नका. ताण आला की मऊ पाठ दबते आणि घट्ट बांधलेले पट्टे एकदम ढिले पडतात. पाच किंवा सहा पॉइंटला मान्यताप्राप्त बकेट सीट लागते. कमरेचे आणि मांड्यांमधले पट्टे सीटच्या कडेवरून न जाता तिच्या भोकांतून जायला हवेत. सीट घ्यायच्या आधी तिच्यात बसून बघा. सोलापुरात बसून ऑनलाइन मागवायची असेल तर निदान कमरेची रुंदी मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. सैल सीटमध्ये कुठलाच हार्नेस नीट बसत नाही.

मूळ सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर सीट काढताना ती जाते आणि डॅशवर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅगमधल्या बिघाडाचा, दिवा लागतो. तिची वायर कुणाही गॅरेजवाल्याला सोडवू देऊ नका. बॅटरी काढून, पुरेसा वेळ थांबून, जाणकाराकडूनच करून घ्या.

रोल बार. गाडी उलटली आणि छत दबलं, तर तीन-पॉइंट बेल्टमध्ये अंगाला बाजूला झुकायला थोडी जागा मिळते. हार्नेसने मात्र तुम्हाला ताठ खिळवून ठेवलेलं असतं, म्हणजे डोकं छताच्या वाटेतच राहतं. म्हणून आधी डोक्यावर न दबणारं काहीतरी हवं, हार्नेस त्यानंतर.

इथे आपल्या गावासाठी एक खास सूचना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हाताने सुंदर काम करणारे वेल्डर आहेत, पण गेट आणि शेडला वापरतात तो काळा पाइप रोल बारला चालत नाही. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य बारसाठी कोल्ड-ड्रॉन सीमलेस नळी सांगितली आहे: ४५ मिमी व्यासाला किमान २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमीला २ मिमी. नळीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते नसेल तर काम सुरूच करू नका. पुणे, बेंगळुरू किंवा कोइमतूरला रेसच्या गाड्या बांधणाऱ्यांकडून तयार बार घ्यायचा आणि इथे बसवायचा, हा मार्ग मला जास्त पटतो.

हॅन्स. हार्नेस धड घट्ट धरतो. डोकं मात्र मोकळं असतं, त्यावर हेल्मेटचं वजन, आणि धडकेत हा सगळा भार मान एकटी पेलते. तो इतका वाढू शकतो की कवटीच्या तळाचं हाड तुटतं. नॅस्कार या अमेरिकेतल्या शर्यतींचा दिग्गज डेल अर्नहार्ट फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळला आणि अशाच इजेने गेला. त्याच वर्षी नॅस्कारने डोकं-मान सांभाळणारं साधन सक्तीचं केलं. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्येही हॅन्स बंधनकारक झालं. वस्तू दिसायला साधी आहे: खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, तिच्यापासून हेल्मेटला जोडलेले दोन आखूड पट्टे. ही कॉलर खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबून धरलेली असते, म्हणून हॅन्स हार्नेसशिवाय चालत नाही. आणि हार्नेस हॅन्सशिवाय वापरू नये, असं मी आग्रहाने सांगतो. हेल्मेटला हॅन्सचे पट्टे अडकवायचे खिळे बसवायची सोय हवी. मोटरसायकलच्या हेल्मेटला भोकं पाडून ते बसवणं हा जिवाशी खेळ आहे.

बजेट काढताना या तिन्हींची किंमत आधी मांडा. तिघांत मिळून हार्नेसपेक्षा कितीतरी जास्त पैसे जातात. ते आत्ता शक्य नसेल तर कंपनीच्या बेल्टवर थांबणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात कमीपणा नाही.

४. लेबल वाचायला शिका

ब्रँडपेक्षा लेबल महत्त्वाचं. दोन प्रकारची मान्यता तुम्हाला दिसेल.

एफआयए: सध्याचं प्रमाण ८८५३-२०१६. त्याआधीचं ८८५३/९८, ते जुन्या मालावर दिसतं. लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं आणि त्यावर 'नॉट व्हॅलिड आफ्टर' असं लिहून पुढे वर्ष छापलेलं असतं. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पट्टा वैध, त्यानंतर नाही.

एसएफआय: अमेरिकेतली मान्यता, १६.१, १६.५ किंवा १६.६ असे आकडे. लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष टोचलेलं असतं, आणि वैधता तिथून फक्त दोन वर्षं. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी ही तारीख बघा. दुकानात दीड वर्ष पडून राहिलेला पट्टा तुम्हाला जेमतेम सहा महिने पुरेल.

नकली माल इथेच पकडता येतो. नामांकित इटालियन, जर्मन कंपन्यांची नावं छापलेले पट्टे ऑनलाइन पडेल भावात मिळतात. हातात घेऊन बघा. नाव मोठ्या अक्षरांत असतं, पण शिवलेलं मान्यतेचं लेबल नसतं, किंवा असतं तर त्यावर क्रमांक नसतो. एफआयएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त हार्नेसची यादी आहे. लेबलवरचा क्रमांक तिच्याशी जुळवून पाहा. जुळत नसेल तर कितीही कमी किंमत असली तरी परत करा.

आपल्या गावात घरोघरी कुणी ना कुणी यंत्रमागावर काम केलेलं असतं. अशा जाणत्या माणसाला पट्टा दाखवून बघा. एका चाचाला आम्ही अस्सल आणि नकली दोन्ही पट्टे दिले होते. लेबलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्याने किनार दाबत दाबत पट्टा हातभर सरकवला, मग तो आडवा दुमडून वीण उघडी केली. नकली पट्ट्याची वीण लगेच फाकली, आडवे धागे सैल दिसले आणि किनारीचे टोक नखाने उचकटता आलं. अस्सल पट्टा घट्ट राहिला. शिलाईतही तोच फरक: एकात टाके सारख्या अंतरावर, दुसऱ्यात मध्येच सुटलेले. हाताने-डोळ्यांनी केलेली अशी परीक्षा लेबलची जागा घेत नाही, पण लेबलच नकली असल्याचा संशय मात्र त्यातून येतो.

सेकंडहँड हार्नेस घेऊ नका. धडकेत एकदा ताणलेला पट्टा बाहेरून ओळखू येत नाही.

५. रुंदी, बकल, अॅडजस्टर

खांद्याचे पट्टे दोन किंवा तीन इंची मिळतात. हॅन्सच्या कॉलरवर दोन इंची पट्टा नीट बसतो. मात्र काही दोन इंची पट्टे फक्त हॅन्सबरोबरच वापरायचे असतात, तसं लेबलवर किंवा पत्रकात लिहिलेलं असतं. कमरेला दोन इंची पट्टा हाडाखाली छान बसतो, विशेषतः सडपातळ माणसाला.

बकल फिरवून उघडणारं, म्हणजे कॅम-लॉकचं घ्या. एका हाताने, कुठल्याही बाजूला फिरवलं की सगळे पट्टे एकदम सुटतात. कमरेचा पट्टा वर ओढून आवळायचा की खाली, हे सीटवर अवलंबून आहे. अरुंद बकेट सीटमध्ये खाली ओढायला कोपराला जागाच नसते, तिथे वर ओढायचा प्रकार बरा. टोकं बोल्टने बसणारी किंवा हुकाची मिळतात. सीट वारंवार काढावी लागत असेल तर हुक आणि आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) सोयीचे.

६. मापं घ्या, मगच बसवा

लागणारं सामान:

सुतळी, ओळंबा, टेप आणि मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप
सीटबेल्टच्या बोल्टला बसणारे सॉकेट, काही गाड्यांना टॉर्क्स बिट
टॉर्क पाना
मूळ बोल्टच्याच आट्याचे उच्च ताकदीचे बोल्ट किंवा आयबोल्ट
नवी जागा करायची असेल तर लोखंडी प्लेट
हार्नेसबरोबर आलेलं कंपनीचं पत्रक. हे फेकू नका, शेवटचा शब्द त्याचाच.

मापं घ्यायला दोन माणसं लागतात. एकाने हेल्मेट आणि हॅन्स घालून सीटवर नेहमीसारखं बसायचं. दुसऱ्याने खांद्यापासून, म्हणजे पट्टा जिथून मागे वळणार तिथून, सुतळी मागच्या बांधायच्या जागेपर्यंत ताणून धरायची आणि तिला मोबाइल समांतर लावून कोन वाचायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण इथेच अर्ध्याहून जास्त चुका सापडतात.

खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा किंचित खाली जायला हवेत. एफआयए सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून १० अंशांपर्यंतची शिफारस करते आणि ४५ अंशांपलीकडे साफ मनाई. हॅन्स असेल तर कंपन्या साधारण ० ते २० अंश सांगतात. कोन जास्त उतरता झाला तर धडकेत पट्टा खांद्याला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो आणि मणका चेपला जातो. वरून पाहिलं तर पट्टे सीटच्या मध्यरेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त फाकलेले किंवा जवळ आलेले नकोत.

इथला सगळ्यात मोठा सापळा मागच्या सीटचा. हॅचबॅकमध्ये मागच्या सीटबेल्टचे बोल्ट तयारच असतात, म्हणून लोक खांद्याचे पट्टे तिथे नेऊन बांधतात. दोन गोष्टी बिघडतात. जागा खाली असल्याने कोन उतरता होतो, आणि पट्टा लांब होतो. पॉलिएस्टरचा पट्टा ताणाखाली लांबतो, जितका लांब तितका जास्त, म्हणजे डोकं स्टिअरिंगच्या तितकं जवळ जातं. रोल बारलाच खांद्याच्या उंचीची आडवी नळी करून घ्या आणि पट्टे तिच्याभोवती गुंडाळा. एफआयएनुसार ती ३८ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ४० मिमी आणि २ मिमीची हवी.

कमरेचा पट्टा बाजूने पाहिलं तर बांधलेल्या जागेपासून मांडीच्या वळणाकडे तिरका, साधारण ४५ ते ६० अंशांत चढतो. नेमका आकडा सीट किती आडवी आहे यावर ठरतो, तो पत्रकात बघा. कोन महत्त्वाचा आहे तसंच पट्टा अॅडजस्टरमध्ये सरळ जाणंही. तिरका ओढला गेला तर तो खाचेच्या एका टोकाला गोळा होतो आणि सगळा ताण तेवढ्याच धाग्यांवर येतो. अर्नहार्टच्या अपघातानंतर त्याचा कमरेचा पट्टा तुटलेला सापडला होता आणि नॅस्कारच्या चौकशीने हेच कारण दिलं होतं.

बोल्टबाबत कुचराई नको. बऱ्याच गाड्यांत मूळ सीटबेल्टचे आटे ७/१६ इंची यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, असतात. एम१२ चा, म्हणजे १२ मिमीचा, बोल्ट त्यात बसत नाही, आणि तो जबरदस्तीने पिळला की मूळ नटच खराब होतो. हाताने सहज शेवटपर्यंत गेला पाहिजे, मगच पाना लावायचा. नवी जागा करायची असेल तर पत्र्याच्या पलीकडून किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, म्हणजे साधारण ६५ बाय ६५ मिमीचा तुकडा, कोपरे गोल केलेला. बोल्ट एम१२, डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण कोरलेला. वजनावर मिळणारा बिनखुणेचा बोल्ट नको. आयबोल्टवर ओढ त्याच्या दांड्याच्या दिशेने यावी, आडवी आली तर तो वाकतो.

फरशीला भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या आणि खालून बघा. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या तिथूनच जातात. होंडा जॅझसारख्या गाडीत तर टाकीच पुढच्या सीटखाली असते. हार्नेसचा कुठलाही पट्टा सीटला किंवा तिच्या स्टँडला बांधायचा नाही, गाडीच्या सांगाड्यालाच बांधायचा.

तीन दांड्यांच्या पट्टीतून, म्हणजे थ्री-बार स्लाइडमधून पट्टा ओवताना शेवटी तो उलट फिरवून परत आत घ्यायचा असतो. अनेकजण ही घडी विसरतात. तसा पट्टा हाताने ओढला तर पक्का वाटतो, धडकेत सरळ निसटतो. घडी घेतल्यावर कमीत कमी १० सेंटिमीटर शेपूट शिल्लक राहू द्या.

७. बांधायचा क्रम घरीच गिरवा

पाठ आणि कंबर सीटला पूर्ण चिकटवून बसा. आधी कमरेचा पट्टा: हाडांच्या खाली, मांडीच्या वळणात, जितका सोसवेल तितका घट्ट. पोटावर अजिबात नाही. मग मांड्यांमधले पट्टे, बकलला जागेवर धरतील इतपत. शेवटी खांद्याचे, हॅन्सच्या कॉलरवर. खांद्याचे पट्टे आवळताना बकल वर सरकलं तर कमरेचा पट्टा ढिला राहिलाय असं समजा आणि पहिल्यापासून सुरू करा. रांगेत उभे असताना पुन्हा एकदा आवळा, कारण अंग सीटमध्ये बसलं की सैलपणा येतो.

बांधलेल्या अवस्थेत गिअर, हँडब्रेक, वायपरचा दांडा आणि काचेचं बटण हाताला लागतं का ते बघा. मग डोळे मिटून, हातमोजे घालून बकल उघडून बाहेर पडायचा सराव करा. हॅन्स दाराच्या चौकटीत अडकतं, ते पार्किंगमध्ये कळलेलं बरं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा सराव सकाळीच करा. हेल्मेट घालून बंद गाडीत दुपारी बसवत नाही.

८. कागदपत्रं, विमा आणि रस्ता

ट्रॅक डेला सोबत ठेवा: वाहन परवाना, आरसी, पीयूसी, विम्याची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद. जोखमीची जबाबदारी तुमची, असं हमीपत्र आयोजक तिथे सही करून घेतात. ते वाचून सही करा. नोंदणी करतानाच विचारून घ्या: हार्नेस असेल तर रोल बार आणि हॅन्स सक्तीचं आहे का, तारीख उलटलेला पट्टा चालतो का. शर्यतीत उतरायचं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना लागतो आणि तिथे तपासणी कडक असते.

विम्याबद्दल गैरसमज फार. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेग चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवरचं नुकसान भरून मिळेल असं धरून चालू नका.

चेन्नईला गाडी चालवत जाणार असाल, विजापूर-होस्पेट-बेंगळुरूमार्गे किंवा हैदराबादमार्गे, तर रस्त्यावर कंपनीचा बेल्टच लावा. म्हणूनच तो गाडीतून काढायचा नाही. हार्नेसमध्ये मान वळवून चौकातलं दिसत नाही, पुढे वाकता येत नाही. बेल्ट नसल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १,००० रुपये आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. रोल केजची, म्हणजे आतून सगळीकडे बसवलेल्या नळ्यांच्या पूर्ण सांगाड्याची, गोष्ट आणखी गंभीर. हेल्मेट नसताना डोकं त्या लोखंडी नळीवर आपटलं तर साध्या धडकेतही जीव जाऊ शकतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कायद्याचं बंधन आहे. पूर्ण केज बसवलीच, तर गाडी ट्रकवर चढवून न्या.

९. ऊन, धूळ आणि निगा

पॉलिएस्टरचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन, आणि ते आपल्याकडे भरपूर. गच्चीवर उन्हाळाभर राहिलेल्या चादरीचा रंग उडतो तसा पट्ट्याचाही उडतो, आणि रंग उडाला म्हणजे धाग्याची ताकदही कमी झालेली असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. त्या दिवसांत गाडी उघड्यावर असेल तर पट्टे काढून कापडी पिशवीत ठेवा. हुकाची टोकं इथे उपयोगी पडतात.

प्रत्येक ट्रॅक डेनंतर सगळा पट्टा बोटांमधून सरकवून बघा. किनार विरलेली, धागा निघालेला, सीटच्या भोकाशी घासून लव आलेली, टाके तुटलेले, यातलं काहीही दिसलं तर तो पट्टा बाद. बकलमध्ये धूळ जाऊन उघडताना अडखळत असेल तर फुंकून साफ करा, तेल घालू नका, त्यावर धूळ अजून चिकटते. पट्टा धुवायचाच असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, सावलीत वाळवायचा. बॅटरीचं अॅसिड, पेट्रोल किंवा थिनर लागलेला पट्टा धुऊन वापरू नका.

मोठी धडक झाली तर पट्टा वरून धडधाकट दिसला तरी बदला. तारीख उलटली तरी बदला. आणि बाद केलेला पट्टा तसाच भंगारात देऊ नका. तिथून तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत जातो. सगळे पट्टे बकलजवळ कात्रीने कापा, लेबल उसवून वेगळं काढा आणि मगच टाका.